वीस बिंदूंची कुळकथा

शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यास आवणीच्या दिवसांत, किंवा कापलेले भात शेतात वाळत पडले असता, पावसाचे जे वर्तमान हवे असते, ते संगणकावरून मागविताना साऱ्या पृथ्वीचा मजकूर न उतरविता आपल्या मुलखापुरता तेवढा उतरवून घेता येतो. या सोयीचे कुळ थेट तारायंत्रापर्यंत जाऊन भिडते.

तारेची आकारणी शब्दांवर होत असल्यामुळे वेधशाळा आपली निरीक्षणे पाच-पाच आकड्यांच्या गटांत बांधून रवाना करीत. आणि वायुभार हजार मिलिबारच्या आसपासच असणार हे घेणाऱ्यास ठाऊक असल्याने त्यातील सहस्रस्थानचा आकडा गाळण्याचा जो प्रघात पडला, तो निरीक्षणांच्या संकेतात अद्याप टिकून आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे मुख्य दप्तर १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, तेव्हा देशाचा दैनिक नकाशा अशाच तारांवरून रेखाटला जाई. घेणाऱ्यास ठाऊक आहे ते पाठवू नये, हा विचार मला या कुळाचा मूळपुरुष वाटतो.

जागतिक हवामान संघटनेने जाळीवर मांडलेल्या हवामानाच्या आकड्यांसाठी १९८५ साली मान्य केलेल्या ‘ग्रिब’ साच्यात तोच विचार गणिती रूपाने आला: किमान मूल्य एकदाच नोंदवायचे आणि जाळीच्या प्रत्येक बिंदूची त्याहून असलेली तफावत मोजक्या बिटांत बसवायची. शिवाय पाऊस, वारा, तापमान यांचा प्रत्येक थर स्वतंत्र असल्यामुळे एक उचलताना इतरांस हात लावावा लागत नाही. अमेरिकी हवामान केंद्राच्या ‘नोमॅड्स’ भांडारातून घटक, उंची आणि चतुःसीमा सांगून हवा तेवढाच भाग मिळतो, तो याच रचनेमुळे.

त्या केंद्राच्या पाव अंशाच्या जाळीत पृथ्वीवर १०,३८,२४० बिंदू पडतात आणि एका वेळेच्या पूर्ण फाईलचा आकार अर्ध्या गिगाबाइटच्या घरात जातो. परंतु उत्तर अक्षांश १९ ते १९.७५ आणि पूर्व रेखांश ७३ ते ७४ एवढी सरहद्द आखली, तर तानसा जलाशयापासून माळशेज घाटापर्यंतचा सारा टापू अवघ्या वीस बिंदूंत मावतो. मात्र दोन बिंदूंमधील सुमारे २७ किलोमीटरांत कोकणची सपाटी आणि सह्याद्रीचा कडा यांची उंची एकजीव होऊन जाते, त्यामुळे घाटपायथ्याचा पाऊस शहापूरच्या पावसाहून वेगळा ओळखू येत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडविलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २०२५ साली सहा किलोमीटरांच्या जाळीसह कार्यान्वित झाली, ती याच कारणास्तव मोलाची आहे.

उतरवायच्या मजकुरात कपात करावी ती घटकांत करावी, समुद्राच्या भागात करू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. कारण नैर्ऋत्य मोसमी वारा दीड किलोमीटर उंचीवर, म्हणजे ८५० हेक्टोपास्कल वायुभाराच्या थरात, अरबी समुद्रावरून येतो, आणि त्या एकाच थरासाठी पश्चिम सीमा ६५ रेखांशापर्यंत नेली, तरी बिंदू १४८ च होतात.