बरे होणे म्हणजे नेमके काय? एका उपचारपद्धतीचा इतिहास

१/
२००२ साली पॅट्रिशिया बाख आणि स्टीव्हन हेज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मनोरुग्णालयात दाखल असलेल्या ८० रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांना भास होत किंवा निराधार समजुती छळत. त्यांपैकी एका गटाला नेहमीच्या उपचारांच्या जोडीला समुपदेशनाची केवळ चार सत्रे मिळाली. पुढील चार महिन्यांत या गटातील रुग्ण पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या निम्मे राहिले.

२/
कोडे यापुढेच आहे. ज्यांना ही सत्रे मिळाली, त्यांच्यातच ‘मला लक्षणे अजूनही जाणवतात’ असे सांगणारे अधिक निघाले. लक्षणे नाहीशी होणे हाच बरे होण्याचा निकष मानला, तर हा उपचार फसला असे म्हणावे लागेल. मग ही माणसे घरी कशी राहू शकली? उत्तरासाठी सुमारे अर्धशतक मागे जावे लागते.

३/
विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकन मानसशास्त्रात वर्तनवादाचा दबदबा होता. या परंपरेतील उपचारांचा भर दिसणारे, मोजता येणारे वर्तन बदलण्यावर होता. १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी आणि १९६० च्या दशकात ॲरन बेक यांनी रोख विचारांकडे वळवला. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे परिचित आहे.

४/
दोघांच्या पद्धतींत फरक असला, तरी गाभा समान होता. माणसाला त्रास देणारा विचार पकडायचा, त्याची उलटतपासणी घ्यायची आणि त्याच्या जागी अधिक वास्तव विचार आणायचा. ही पद्धत असंख्य लोकांच्या उपयोगी पडली आणि आजही पडते. मात्र तिच्यात एक गृहीतक होते : जगणे सुधारायचे, तर आधी विचार सुधारला पाहिजे.

५/
१९७८. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो येथील मानसशास्त्र विभागाची बैठक. प्राध्यापकांचे कडाक्याचे भांडण चालू होते. तरुण अध्यापक स्टीव्हन हेज यांनी बोलण्यासाठी हात वर केला, परंतु तोंडातून शब्द फुटेना. हा त्यांना आलेला भीतीचा पहिला झटका, म्हणजे पॅनिक ॲटॅक. चिंतेवरील उपचारांचे शिक्षण घेतलेला माणूस स्वतःच तिच्या तावडीत सापडला होता.

६/
पुढची सुमारे तीन वर्षे त्यांनी भीती टाळण्याचे सर्व मार्ग चोखाळले. जितके टाळावे, तितके झटके वाढत गेले. अखेर एका रात्री, हृदयविकाराचाच झटका आला असे वाटत असताना, घरातील गालिच्यावर बसून त्यांनी ठरवले : यापुढे स्वतःच्या अनुभवापासून पळायचे नाही. ही हकिकत हेज यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. त्यांच्या पुढील संशोधनाची दिशा तिच्यातूनच ठरली.

७/
१९८६ साली रॉबर्ट झेटल आणि हेज यांनी नैराश्यग्रस्त स्त्रियांच्या एका लहान गटावर या नव्या विचाराची बेक यांच्या पद्धतीशी तुलना केली. दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या : उदास विचार किती वेळा येतो आणि आल्यावर तो किती खरा वाटतो. नव्या पद्धतीत विशेष घटली ती दुसरी गोष्ट. २००२ च्या कोड्याची किल्ली या मोजमापात आहे.

८/
यानंतर उपचारांच्या चाचण्या जवळजवळ थांबल्या. हेज आणि त्यांचे सहकारी दीर्घकाळ भाषेच्या सिद्धान्तात गुंतले. प्राण्याला धोका समोर असताना भीती वाटते. माणसाला मात्र ‘अपघात’ हा नुसता शब्दही घाम फोडतो, कारण भाषा वस्तूंचे गुण शब्दांना चिकटवते. म्हणूनच संकट टळल्यावरही माणूस ते मनात वाहत राहतो. हा सिद्धान्त २००१ साली ग्रंथरूपाने आला.

९/
त्याआधी, १९९९ मध्ये, हेज, कर्क स्ट्रोसाल आणि केली विल्सन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पद्धतीचे नाव रूढ झाले : ‘ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी’, म्हणजे स्वीकार आणि वचनबद्धता उपचारपद्धती. तिची आद्याक्षरे सुटी न उच्चारता ‘ॲक्ट’ असे एका शब्दात म्हणतात. ‘ॲक्ट’ म्हणजे कृती. नावातच भूमिका आली.

१०/
समुपदेशनाच्या खोलीत नेमके काय घडते? एक प्रसिद्ध रूपक असे : तुम्ही बसचे चालक आहात आणि मागे काही दांडगे प्रवासी बसले आहेत. ‘तुला जमणार नाही’, ‘गाडी वळव’ असे ते ओरडतात. त्यांना उतरवण्यासाठी बस थांबवून भांडत बसलात, तर प्रवास तिथेच खुंटतो. प्रवासी ओरडोत, सुकाणू तुमच्याच हाती आहे.

११/
दुसरा प्रयोग शब्दाचा. ‘दूध’ हा शब्द अर्धा मिनिट भराभर मोठ्याने म्हणत राहा. पांढरा रंग, चव, गारवा सारे विरते आणि केवळ आवाज उरतो. शब्द घोकल्याने अर्थ ओसरतो, हे एडवर्ड टिचनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदवले होते. समुपदेशक पुढे ‘मी नालायक’ हा विचारही तसाच हाताळायला शिकवतो.

१२/
‘स्वीकार’ या शब्दाने गैरसमज होतो. अन्याय, मारहाण किंवा वाईट परिस्थिती निमूट सोसणे असा त्याचा अर्थ नाही. स्वीकार करायचा तो मनात उठणाऱ्या भावनांचा. पुढचा प्रश्न मूल्यांचा असतो : तुम्हाला कोणासाठी, कशासाठी जगायचे आहे? आणि भीती सोबत असतानाही त्या दिशेने आज कोणते लहान पाऊल टाकता येईल? वचनबद्धता ती हीच.

१३/
आता ते ८० रुग्ण पुन्हा पाहू. सत्रे मिळालेल्यांचा लक्षणांवरील विश्वास कमी झाला होता. आवाज ‘तू संकटात आहेस’ असे सांगत असेलही. पण तो ऐकूनही त्याच्या म्हणण्याप्रमाणे वागण्याची सक्ती उरली नव्हती. लक्षणे लपवण्याची गरजही कमी झाली असावी. तसे असेल, तर अधिक लोकांनी ती कबूल करणे हे अपयशाचे चिन्ह ठरत नाही.

१४/
इतिहास लिहिताना दुसरी बाजूही नोंदवावी लागते. २००६ मध्ये गॉडियानो आणि हर्बर्ट यांनी ४० रुग्णांवर असाच अभ्यास केला. पुन्हा दाखल होण्यातील फरक त्याच दिशेचा असला, तरी संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. २००८ मध्ये स्वीडनचे लार्स-योरान ऑस्ट यांनी या परंपरेतील संशोधनाच्या ढिलाईवर बोट ठेवले. २०१५ च्या एका एकत्रित विश्लेषणात ही पद्धत उपयुक्त आढळली, परंतु प्रस्थापित पद्धतींहून सरस ठरली नाही.

१५/
तरीही तिचा प्रवास लांबवर झाला. जागतिक आरोग्य संघटनेने तिच्या आधारे गटांसाठी कार्यक्रम तयार केला : ध्वनिमुद्रित सूचना आणि सचित्र पुस्तक. युगांडातील राइनो कॅम्प वसाहतीत दक्षिण सुदानमधून आलेल्या ६९४ निर्वासित स्त्रियांवर त्याची चाचणी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतरही मानसिक त्रासात घट दिसली. परिणाम माफक होता. पण ज्यांचे दुःख युद्धाने दिलेले आहे, त्यांना ‘तुमचा विचार अवास्तव आहे’ असे कोणत्या तोंडाने सांगणार?

१६/
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण एक गोष्ट जाणतो : साधनाला जो प्रश्न विचारावा, त्यानुसारच ते उत्तर देते. ‘आवाज थांबले का?’ असे विचारले असते, तर २००२ चा तो अभ्यास अपयश म्हणून दप्तरी पडला असता. ‘माणूस घरी राहू शकला का?’ या प्रश्नाने त्याच ८० जणांची वेगळी कहाणी समोर आणली. धागा समाप्त.