एकट्या स्त्रीचें घर : शारदासदन ते केडगांव

पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत, नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शिक्रापूर हें गांव आहे. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगांव या टापूंत गेल्या कांहीं दशकांत कारखानदारी वाढली आणि तिच्या मागोमाग परगांवच्या तरुण मुलीहि नोकरीसाठीं तेथें येऊन राहूं लागल्या. दोघीतिघींनीं मिळून एक खोली भाड्यानें घ्यावी, पाळीपाळीनें स्वयंपाक करावा, महिनाअखेर घरीं पैसे पाठवावे, सुटीच्या दिवशीं मैत्रिणींसह बाजार करावा किंवा रांजणगांवच्या गणपतीचें दर्शन घेऊन यावें, असा त्यांचा क्रम. लग्न कधीं करावयाचें आणि कोणाशीं, या प्रश्नावर त्यांच्या घरांत आजहि वाद होतात. पण स्त्री स्वतःच्या कमाईवर एकटी राहते, एवढ्यानें आतां गांव गोळा होत नाहीं. ही स्थिति आपोआप आलेली नाहीं. तिच्या मागें जो इतिहास आहे, त्याचें एक मोठें प्रकरण याच भागांत, भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यांतील केडगांव येथें घडलें.

जुन्या व्यवहारांत स्त्रीच्या मुख्यतः तीन अवस्था मानीत : कुमारिका, सौभाग्यवती आणि विधवा. आठव्या-दहाव्या वर्षीं लग्न होत असल्यामुळें कुमारिकेचें आयुष्य बाहुलीच्या खेळांतच संपे. तेव्हां वयांत आलेली एकटी स्त्री म्हणजे उच्चवर्णीय घरांत बहुधा विधवाच. तिचें केशवपन, तिचें अलवण, तिचें एकभुक्त राहणें यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु तिची आणखी एक हानि होत असे, तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. त्या काळच्या बायकांची करमणूक म्हणजे हळदीकुंकू, मंगळागौर, डोहाळजेवण, बारसें. हे सारे समारंभ सौभाग्याशीं बांधलेले. नवरा गेला कीं त्या दिवसापासून फुगडी गेली, गाणीं गेलीं, फुलें गेलीं आणि मैत्रिणीहि गेल्या. पति गमावण्याबरोबरच ती आपल्या वयाच्या मुलींचा सहवास गमावून बसे, आणि पुढील चाळीस-पन्नास वर्षें तिनें माजघराच्या कोपऱ्यांत काढावयाचीं असत.

कायद्यानें तिला एक वाट १८५६ सालीं मोकळी करून दिली होती. त्या वर्षीं विधवाविवाह कायदेशीर ठरला. पण लग्न न करितां ती सन्मानानें कशी जगेल, याचें उत्तर त्या कायद्यांत नव्हतें. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यास बालहत्याप्रतिबंधक गृह काढून संकटांत सांपडलेल्या विधवांना आसरा दिला. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या नाभिकांनीं विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालविण्याचा निश्चय केला. या प्रयत्नांनीं वाट कांहींशी उजळली. तथापि एकट्या स्त्रीला घर, विद्या, धंदा आणि सोबत या चारहि गोष्टी एके ठिकाणीं मिळाव्यात, अशी व्यवस्था उभी करण्याचें काम पंडिता रमाबाईंच्या वांट्यास आलें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि आईनें तें मुलीला दिलें. दुष्काळांत आईबाप गेले. बहीणभाऊ पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचले. तेथील विद्वानांनीं त्या तरुणीला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. जात निराळी, भाषा निराळी, आणि निवड सर्वस्वी स्वतःची. १८८१ त मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारींत मेधावींचें निधन झालें. चोविसाव्या वर्षाच्या आंत आईबाप, भाऊ व पति असे सर्व आधार तुटले, आणि कडेवर एक तान्हें मूल राहिलें.

त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या व त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. येथें त्यांना मैत्रिणी मिळाल्या. न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी रमाबाई त्यांत प्रमुख होत्या; दोघी रमाबाई हरफर्ड नांवाच्या बाईंपाशीं इंग्रजी शिकत. १८८३ सालीं पंडिता रमाबाई विलायतेस गेल्या व तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढें चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयांत त्या राहिल्या व तेथें शिकविण्याचेंहि काम त्यांनीं केलें. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियांत आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीची पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई समुद्र ओलांडून हजर राहिल्या. परदेशांत दोन मराठी बायकांनीं एकमेकींच्या यशाला साक्ष राहावें, हा प्रसंग मैत्रीच्या इतिहासांत नोंदण्यासारखा आहे. अमेरिकेंत त्यांनीं बालोद्यान शिक्षणाची पद्धति अभ्यासिली, उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहून १८८७ सालीं प्रसिद्ध केला, आणि बोस्टन येथें स्थापन झालेल्या मंडळीकडून दहा वर्षें साह्य करण्याचें अभिवचन मिळविलें.

या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. पुढच्याच वर्षीं तें पुण्यास आलें. येथें बालविधवेला लिहिणें-वाचणें आणि शिक्षिकेचें काम शिकावयास मिळे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिला वर्ग मिळे, शेजारीं बसणारी मैत्रीण मिळे, आणि सकाळीं उठून आपल्याला आज कांहीं तरी करावयाचें आहे अशी जाणीव मिळे. तिच्या दर्शनानें तेथें कोणाला अपशकुन होत नसे. जी मुलगी काल घरांत तोंड लपवून वावरत होती, ती चारचौघींत मोठ्यानें वाचूं लागे. शिक्षण म्हणजे केवळ अक्षरज्ञान नव्हे, हें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं शारदासदनाकडे पाहावें.

सदनांतील पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. आठव्या वर्षीं, लग्नानंतर थोड्याच महिन्यांत, त्यांना वैधव्य आलें होतें. त्यांचे बंधु नरहरपंत हे धोंडो केशव कर्वे यांचे स्नेही. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणाऱ्या कर्व्यांची प्रथम पत्नी राधाबाई १८९१ सालीं वारली. पुन्हां लग्न करावयाचें तर विधवेशींच, असा कर्व्यांचा निर्धार होता. त्यांनीं गोदूबाईंच्या वडिलांपाशीं गोष्ट काढली. वडिलांनीं ती मान्य केली, आणि मुलीचाहि होकार मिळाला. ११ मार्च १८९३ रोजीं पुण्यास विवाह झाला व गोदूबाई आनंदीबाई झाल्या. आजच्या मानानें यांत प्रेमालाप कांहीं नाहीं. परंतु ज्या समाजांत वधूला विचारण्याची चालच नव्हती, तेथें शिकलेल्या व जाणत्या वयाच्या स्त्रीनें ‘हो’ म्हणावें, आणि त्या ‘हो’ला किंमत असावी, ही केवढी मोठी क्रांति! त्याची किंमतहि त्या दांपत्यानें भरली. कर्व्यांच्या मुरूड गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला.

त्याच १८९३ सालीं शारदासदनावर वादळ आलें. संस्था धर्माच्या बाबतींत तटस्थ राहील, अशी सल्लागार मंडळाची समजूत होती. परंतु कांहीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, त्यांचा कल ख्रिस्ती धर्माकडे होत आहे, अशी तक्रार उठली. ‘केसरी’नें कठोर टीका केली. रानडे, भांडारकर आदि मंडळींनीं सल्लागारपद सोडलें, आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. रमाबाईंचें म्हणणें असें, कीं आपल्या खोलीचें दार आपण प्रार्थनेसाठीं लावून घेणार नाहीं, आणि येणारीला अडविणार नाहीं. पालकांचें म्हणणें असें, कीं विश्वासानें सोंपविलेल्या अल्पवयी मुलींच्या श्रद्धेस हात लागतां कामा नये. दोन्ही बाजूंना वजन आहे. मात्र या भांडणांत त्या मुलींना काय वाटतें, हें फारच थोड्यांनीं विचारलें. कर्व्यांनीं या प्रसंगापासून बोध घेऊन १८९६ सालीं विधवांसाठीं जी संस्था काढली, ती हिंदु समाजाच्या विश्वासावर उभारली. हिंगण्याचा आश्रम तो हाच.

अमेरिकेच्या साह्याची मुदत १८९८ त संपणार, हें ओळखून रमाबाईंनीं केडगांव स्टेशनाजवळ सुमारें शंभर एकर जमीन घेतली होती. फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालावें, असा हिशोब. पण १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांत जाऊन त्यांनीं सुमारें तीनशे निराधार मुली व विधवा आणल्या. ज्या मुलीनें स्वतः दुष्काळांत आईबाप गमावले होते, तिला दुसरें कांहीं सुचणें शक्य नव्हतें. त्याच वेळीं पुण्यांत प्लेग पसरला, आणि मुलींना केडगांवच्या माळावर न्यावें लागलें. प्लेगच्या बंदोबस्तांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनीं १८९७ सालीं वर्तमानपत्रांतून सरकारवर उघड टीका केली. १९०० च्या दुष्काळांत गुजरातेंतून आणखी कित्येकशें मुली आल्या, आणि मुक्तिसदनाची वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. स्टेशनाशेजारच्या शेताचें एक गांव झालें. फरक एवढाच, कीं हें गांव बायकांनीं वसविलें आणि बायकांनींच चालविलें.

त्या गांवाचा दिवस कामानें भरलेला असे. कोणी मागावर लुगडीं विणीत, कोणी तेलाचा घाणा पाहात, कोणी गाईम्हशींची निगा राखीत. शेत, स्वयंपाक, शिवण, धुणें, रुग्णशुश्रूषा, शाळा हीं सारीं खातीं त्यांच्याच हातीं. अंध मुलींना बोटांनीं वाचण्याची ब्रेल लिपि शिकवीत. संकटांत सांपडलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन, वृद्धांसाठीं प्रीतिसदन असे निराळे भाग होते. छापखान्यांत मुली खिळे जुळवीत, छापीत आणि पुस्तकें बांधीत. रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. तें याच छापखान्यांत छापलें गेलें. ज्यांना लग्न करावेंसें वाटलें त्यांचीं लग्नें झालीं. ज्यांना वाटलें नाहीं त्या शिक्षिका, परिचारिका, धर्मप्रचारिका होऊन राहिल्या. अविवाहित राहिल्याबद्दल तेथें कोणाला जाब द्यावा लागत नसे.

या चित्रांत छाया नव्हती असें नाहीं. दोन हजार जिवांचें गांव घंटेवर चालवावें लागतें. तेथें शिस्त कडक होती, फावला वेळ थोडा होता, आणि प्रार्थना हाच त्या जीवनाचा कणा होता. माजघर सुटलें, तरी मनास येईल तसें वागण्याचें स्वातंत्र्य मिळालें असें म्हणतां यावयाचें नाहीं. पण भूक आणि हेटाळणी यांतून जी सुटली, तिनें पहिल्यानें हातीं धंदा मागितला असेल. स्वतःच्या लहरीचा विचार तिच्या पुढच्या पिढ्यांनीं केला.

या चळवळीनें एकच सांचा सर्वांना लावला नाहीं, हें दोन सख्ख्या बहिणींकडे पाहिलें म्हणजे कळतें. आनंदीबाई कर्व्यांनीं पुनर्विवाह केला. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षीं विधवा झाल्या. त्यांनीं पुन्हां लग्न केलें नाहीं. हिंगण्याच्या आश्रमासाठीं त्या गांवोगांव वर्गणी मागत हिंडल्या, आणि १९१८ सालीं एकट्या अमेरिकेस जाऊन, लोकांच्या घरीं घरकाम करून इंग्रजी शिकल्या. डॉ. रखमाबाईंची गोष्ट त्याहून वेगळी. बालपणीं लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचें त्यांनीं नाकारलें. १८८७ सालीं न्यायालयानें ‘जा, नाहीं तर तुरुंग’ असें सांगितलें, तेव्हां तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ सालीं पैसे देऊन तडजोड झाली. त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथें स्त्रियांच्या रुग्णालयांत आयुष्य वेंचून १९५५ सालीं वारल्या. एकीनें नवें लग्न निवडलें, दुसरीनें एकटेपण निवडलें, तिसरीनें न मागितलेलें लग्न मोडलें. तिघींच्या वाटा निराळ्या. पण कोणती वाट धरावयाची, तें प्रत्येकीनें स्वतः ठरविलें.

१९२१ त मनोरमाबाई आईच्या आधीं गेल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंचें केडगांव येथें देहावसान झालें. मुक्तिसदनाचें कार्य आजहि चालू आहे. रमाबाईंनीं काय मिळविलें, याचा हिशोब धर्मांतराच्या आंकड्यांवरून करणारे दोन्ही पक्षांत आहेत. पण खरा हिशोब वेगळाच आहे. स्त्रीला छप्पर द्यावयास दयाळू घरेंहि तयार होतीं. रमाबाईंनीं छपराबरोबर तिच्या हातीं काम दिलें, शेजारीं मैत्रीण दिली आणि लग्नाच्या प्रश्नाचें उत्तर तिच्याकडे सोंपविलें. या तीन गोष्टींवांचून एकटें राहणें ही शिक्षा होते; त्या असल्या म्हणजे तेंहि एक घर होतें.