दोन विमानतळांमधलं अंतर आणि माढ्याचा उंबरठा

दोन विमानतळांमधलं अंतर मोजणं तसं सोपं आहे. पृथ्वीच्या गोळ्यावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी दोरी ताणायची आणि मापायची. मुंबई ते लंडन ही दोरी सुमारे 7,200 किलोमीटर भरते. शंभर वर्षांपूर्वीही ती तेवढीच होती. बदलली ती वेळ. ती कशामुळे बदलली, ते आपण आज पाहू.

1929 मध्ये इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली. प्रवासाला सात दिवस लागत आणि युरोपातला एक टप्पा तर आगगाडीनेच करावा लागे. कराचीला आलेलं टपाल पुढे हवेतून नेण्यासाठी 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा आपलं पस मॉथ विमान घेऊन सकाळी निघाले आणि अहमदाबादमार्गे दुपारी जुहूला उतरले. अहमदाबादला इंधनाचे डबे आले ते बैलगाडीतून! जुहूहून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन पुढे गेले, बळ्ळारीला रात्रीचा मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठलं. म्हणजे बघा, विमानाच्या वेगाइतकीच वेळ मुक्कामांवर अवलंबून होती.

8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा कैरो आणि जिनिव्हा असे दोनच थांबे उरले होते. 1960 मध्ये बोइंग 707 आलं आणि तास आणखी कमी झाले. आज लंडनहून थेट मुंबईला यायला नऊ तासांच्या आसपास लागतात. जाताना थोडा वेळ जास्त लागतो, कारण वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.

थांब्यांची ही गोष्ट आपल्या माढा तालुक्याला नवी नाही. 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिचे रूळ अडीच फुटी आणि मुंबईच्या मुख्य मार्गाचे साडेपाच फुटी. त्यामुळे कुर्डुवाडीला माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. गाडी कितीही वेगाने आली, तरी जंक्शनवर वेळ जायचाच.

आजचं जंक्शन मुंबईचा विमानतळ आहे. आई-वडील गेल्याची बातमी ऐकून लंडनहून निघालेला मुलगा नऊ तासांत मुंबईत उतरतो. मग पासपोर्टची रांग, सामान आणि माढ्यापर्यंतचे रस्त्याचे सहा-सात तास. अंत्यदर्शन मिळणार की नाही, हे पुष्कळदा या शेवटच्या टप्प्यावर ठरतं.

2025 मध्ये सोलापूरहून गोवा आणि मुंबईसाठी विमानं सुरू झाली. आनंदच आहे. पण माढ्याहून मुंबईला जायचं, तर आधी उलट दिशेला सोलापूर गाठावं लागतं. मुंबईत रात्री उतरलेल्याला पुढच्या विमानासाठी सकाळपर्यंत बसावं लागलं, तर रस्ताच बरा म्हणायचा. म्हणून आपण मागणी करायची ती नुसत्या विमानाची नको. जोडणारी वेळ मागू या. प्रवास मोजायचा तो घरच्या उंबरठ्यापर्यंत.