टेंभुर्णीच्या मुलखात

बिडीचे कारखाने गोंदिया-भंडाऱ्यातच एवढे का दाटले, याचं उत्तर आमच्या आजीकडे तयार असे. ‘‘पान इथंच, आगगाडी इथंच, अन् रिकामे हातबी इथंच.’’

पहिल्या दोन गोष्टी इतिहासात सापडतात. झाडीपट्टीच्या जंगलात टेंभुर्णी, म्हणजे तेंदू, मुबलक. १८८० च्या दशकात रेल्वे गोंदियावरून छत्तीसगडकडे गेली. मग गुजराती व्यापाऱ्यांनी इथं जम बसवला. चरोतरची, निपाणीची तंबाखू इथवर येऊ लागली आणि बांधलेल्या बिड्या देशभर जाऊ लागल्या. आजीची तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. हा धानाचा एकपिकी मुलूख. मळणी उरकली की भूमिहीन घरांना काम नसे. कारखानदार पानासाठी आले असतील, पण त्यांचे कारखाने टिकले ते या गरजेवर.

आजी सांगे, फाल्गुनात टेंभुर्णीची खुटकटाई झाली की दीडेक महिन्यात तांबूस, कोवळी पालवी फुटे. वैशाखात पहाटेच्या अंधारात बाया रानात शिरत. दुपारी ओसरीवर सगळं घर पुडे बांधायला बसे. सत्तर पानांचा एक पुडा. पाच-पाच पानं चिमटीत धरून चौदा वेळा, वर सालीच्या वाकाची गाठ. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं जमा होत त्या जागी, पुडे रांगेत मांडून वाळवायचे, उलटायचे. वळवाचा पाऊस आला की पानांवर डाग पडत.

पावसाळ्यात हेच पान बिडीसाठी परत घरी येई. रात्री भिजवून ओल्या फडक्यात ठेवायचं, सकाळी पत्र्याचा फर्मा लावून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, टोकं मोडून दोरा मारायचा. आजी अंधारातही पानाची शीर बोटानं ओळखे. सट्टेदार, म्हणजे कारखान्याचा ठेकेदार, मात्र मालातून मूठभर बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढी. त्यांची मजुरी नाही आणि त्या परतही नाहीत. १९६६ मध्ये बिडी कामगारांसाठी कायदा झाला. पण आजीचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं. तंबाखूच्या धुळीनं जडलेला खोकला तेवढा तिचा राहिला. म्हणून बिडीचा खप घटतोय याचं मला जराही दुःख नाही. पानाचा पैसा कुठं जातो, हा प्रश्न मात्र अजून तेवढाच जिवंत आहे.

१९६९ च्या कायद्यानं तेंदूपानाचा व्यापार सरकारच्या हाती गेला. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारानं गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभांनी २०१३ च्या सुमारास पानं स्वतः विकायला घेतली. ही या मुलखातली फार मोठी घटना आहे, असं मी मानतो. आजी तेव्हा हयात होती. लिलाव गावानंच केला, हे ऐकून तिनं आधी विचारलं, ‘‘मंग छाट कोन काढते?’’

गावचेच लोक, मी म्हणालो. मग तिनं शेकडा पुड्यांचा भाव विचारला.