माळ्यावरच्या सीड्या

२००० सालच्या आसपास अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत मध्यमवर्गीय घरांत संगणक आला आणि त्यामागोमाग कपाटात कोऱ्या सीड्या साठू लागल्या. लॅमिंग्टन रोडवरून पन्नासांचा डबा आणायचा, इमारतीत ज्याच्याकडे ‘रायटर’ असेल त्याला म्हणायचं, ‘एवढं राइट करून दे.’ फ्लॉपीत मावत १.४४ एमबी, सीडीत ७००. जवळपास पाचशे फ्लॉप्या एका चकतीत!

ही चकती मूळची जपानची. तैयो युडेन कंपनीनं ती १९८८ मध्ये जाहीर केली. फिलिप्स आणि सोनीनं १९९० मध्ये तिचे नियम ठरवले. बाजारातल्या गाण्यांच्या सीडीवर खळगे ठशानं उमटवलेले असतात. कोऱ्या सीडीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो, तो लेझरनं भाजायचा. म्हणूनच या कामाला ‘बर्न करणं’ म्हणत, आणि त्यासाठीच्या जर्मन सॉफ्टवेअरचं नाव होतं ‘नीरो’. रोम जळत असताना फिडल वाजवत होता अशी दंतकथा आहे, तोच! पण जो थर लेझरनं भाजतो, तो ऊन आणि दमट हवेनंही हळूहळू बिघडतो. मुंबईत या दोन्ही गोष्टींना तोटा नाही.

मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. उपनगरांतल्या कितीतरी तळमजल्यांत पाणी शिरलं, तसं घाटकोपरच्या आमच्या घरातही. संगणक बुडाला. माळ्यावरच्या सीड्या मात्र कोरड्या राहिल्या. त्यांत माझ्या आठ वर्षांच्या कविता होत्या.

नव्या संगणकात सीडी घातली, ती चाललीही. पडद्यावर मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच! त्या काळचे बहुतेक मराठी फॉण्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. फॉण्ट नसला की मराठी दिसेनाशी. आणि ते सॉफ्टवेअर चालायला संगणकामागे एक ‘लॉक’ खोचावं लागे. ते यंत्राबरोबर पाण्यात गेलं होतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण आमच्या घरांपर्यंत पोचायला तिला फार वर्षं लागली.

पुढे त्या फायली युनिकोडमध्ये बदलून घेतल्या. ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेल्या, काही जोडाक्षरं फुटली. दिवाळी अंकांत छापलेल्या कविता ताडून पाहता आल्या. न छापलेल्या कवितांतल्या काही शब्दांपुढे अजून पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं आहेत.