बांगलादेश व पाकिस्तान: अर्थव्यवस्था आणि जीवनमानाची तुलना

बांगलादेश व पाकिस्तान हे दक्षिण आशियातील दोन विकसनशील देश होत. १९४७ ते १९७१ या काळात ते एकाच राष्ट्राचे अनुक्रमे पूर्व व पश्चिम विभाग होते. १९७१ साली वेगळे होताना पाकिस्तान उत्पन्न, उद्योग, सिंचन व पायाभूत सुविधा या सर्वच बाबतींत पुढे होता, तर बांगलादेश युद्ध व चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेला होता. त्यानंतरच्या अर्धशतकात आयुर्मान, साक्षरता, बालमृत्यू व जननदर या निकषांवर बांगलादेशाने पाकिस्तानला मागे टाकले आणि २०१० च्या दशकात दरडोई उत्पन्नातही आघाडी घेतली. समान राजकीय वारसा असलेल्या दोन देशांची वाटचाल इतकी भिन्न का झाली, या प्रश्नामुळे ही तुलना विकासाच्या अर्थशास्त्रात महत्त्वाची मानली जाते.

== पार्श्वभूमी ==

फाळणीनंतर पाकिस्तानच्या दोन विभागांमध्ये सुमारे १,६०० किलोमीटर भारतीय प्रदेश होता. लोकसंख्या पूर्वेकडे अधिक होती. राजधानी, सैन्य, नोकरशाही व उद्योगपती मात्र मुख्यतः पश्चिमेकडे होते. पूर्व पाकिस्तानातील ताग हे परकीय चलन मिळवून देणारे प्रमुख पीक होते. त्यातून मिळालेल्या चलनाचा मोठा वाटा पश्चिमेकडील औद्योगिकीकरणासाठी वापरला जातो, अशी तक्रार पूर्वेकडील अर्थतज्ज्ञांनी सातत्याने मांडली. रहमान सोभान यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी 'एक राष्ट्र, दोन अर्थव्यवस्था' असे या स्थितीचे विश्लेषण केले. १९६६ साली शेख मुजीबुर रहमान यांनी मांडलेल्या सहा कलमी कार्यक्रमात स्वतंत्र चलन किंवा स्वतंत्र वित्तीय व्यवस्था, करवसुलीचा अधिकार व परकीय चलनावरील नियंत्रण या आर्थिक मागण्यांना मध्यवर्ती स्थान होते.

अयुब खान यांच्या राजवटीत १९६० च्या दशकात पाकिस्तानचा विकासदर उल्लेखनीय होता. तथापि, १९६९-७० च्या सुमारास पश्चिम विभागाचे दरडोई उत्पन्न पूर्वेपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी अधिक झाले होते. १९६८ साली नियोजन आयोगाचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी देशातील उद्योग, बँका व विमा व्यवसाय मुख्यत्वे २२ कुटुंबांच्या हाती एकवटल्याकडे लक्ष वेधले. याच महबूब उल हक यांनी पुढे १९९० साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमासाठी मानव विकास निर्देशांकाची मांडणी केली.

नोव्हेंबर १९७० मधील भोला चक्रीवादळात पूर्व पाकिस्तानात ३ ते ५ लाख लोक मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. पुढील वर्षीच्या मुक्तियुद्धात रस्ते, पूल व बंदरे यांची मोठी हानी झाली. १९७४ साली नवजात बांगलादेशाला दुष्काळाचाही सामना करावा लागला. १९७५ साली संयुक्त राष्ट्रांनी त्याचा समावेश 'अत्यल्प विकसित देश' या गटात केला. पाकिस्तान या गटात कधीही नव्हता.

== प्रमुख निर्देशक ==

| निकष | बांगलादेश | पाकिस्तान |
|---|---|---|
| लोकसंख्या | सुमारे १७ कोटी (जनगणना २०२२) | सुमारे २४.१ कोटी (जनगणना २०२३) |
| घनता, दर चौ. किमी | १,१०० हून अधिक | सुमारे ३०० |
| मानव विकास निर्देशांक (२०२३) | ०.६८५, क्रमांक १३० | ०.५४४, क्रमांक १६८ |
| साक्षरता | सुमारे ७५ टक्के (वय ७ व अधिक) | सुमारे ६१ टक्के (वय १० व अधिक) |
| एकूण जननदर | २ पेक्षा किंचित अधिक | सुमारे ३.६ |
| ५ वर्षांखालील खुजी बालके | २४ टक्के (२०२२) | सुमारे ४० टक्के (२०१८) |
| १८ वर्षांपूर्वी विवाह झालेल्या स्त्रिया (वय २०-२४) | सुमारे ५१ टक्के (२०१९) | सुमारे १८ टक्के (२०१७-१८) |

साक्षरता मोजण्याचे वयोगट दोन्ही देशांत भिन्न असल्याने ते आकडे काटेकोरपणे तुलनीय नाहीत.

== अर्थव्यवस्था ==

=== उद्योग व निर्यात ===

पाकिस्तान हा जगातील प्रमुख कापूस उत्पादक देशांपैकी एक असून त्याच्या निर्यातीत सूत, कापड व कपडे यांचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. बांगलादेशात कापूस अत्यल्प पिकतो. तरीही तयार कपड्यांच्या निर्यातीत तो जगातील अग्रगण्य देशांपैकी एक बनला.

या उद्योगाचा पाया १९७० च्या दशकाच्या अखेरीस घातला गेला. १९७४ च्या बहुतंतू करारानुसार श्रीमंत देशांनी कापड व कपड्यांच्या आयातीवर देशनिहाय कोटा बसवला होता. कोट्याने जखडलेल्या दक्षिण कोरियाच्या 'देवू' कंपनीने बांगलादेशातील 'देश गारमेंट्स' या कंपनीशी सहकार्य केले आणि सुमारे १३० कर्मचाऱ्यांना कोरियात प्रशिक्षण दिले. त्यांपैकी अनेकांनी पुढे इतर कारखान्यांत काम केले किंवा स्वतःचे कारखाने उभारले. निर्यातीच्या हमीवर कच्चा माल उधारीने आणता येईल अशी पतपत्राची सोय आणि शुल्कमुक्त गोदामांची व्यवस्था सरकारने केल्याने अल्प भांडवलावर कारखाना चालवणे शक्य झाले. आज या क्षेत्रात सुमारे ४० लाख कामगार असून त्यांत स्त्रियांची संख्या निम्म्याहून अधिक आहे. देशाच्या माल-निर्यातीपैकी ८० टक्क्यांहून अधिक हिस्सा या एकाच उद्योगाचा असल्याने अर्थव्यवस्था त्यावर धोकादायक प्रमाणात अवलंबून आहे.

दोन्ही देशांत कामगारांच्या सुरक्षिततेची मोठी किंमत मोजली गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतील बलदिया भागात कपड्यांच्या कारखान्याला लागलेल्या आगीत २५० हून अधिक, तर २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील साभार येथे राणा प्लाझा इमारत कोसळून १,१०० हून अधिक लोक मरण पावले. राणा प्लाझा दुर्घटनेनंतर बांगलादेशात आंतरराष्ट्रीय खरेदीदार व कामगार संघटनांच्या करारान्वये कारखान्यांची व्यापक तपासणी झाली.

=== गुंतवणूक, कर व कर्ज ===

बांगलादेशात गुंतवणुकीचे स्थूल देशांतर्गत उत्पादनाशी प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास राहिले, तर पाकिस्तानात ते त्याच्या सुमारे निम्मे आहे. आखाती देशांत गेलेल्या कामगारांनी पाठवलेला पैसा हा दोन्ही देशांच्या परकीय चलनाचा मोठा आधार आहे. दोन्हीकडे करवसुली उत्पादनाच्या मानाने फार कमी आहे. त्यामुळे शिक्षण व आरोग्यावरील सरकारी खर्चही मर्यादित राहतो.

पाकिस्तानला परकीय चलनाच्या टंचाईचा वारंवार सामना करावा लागला. १९५८ पासून त्याने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे २० हून अधिक कार्यक्रम स्वीकारले. वीजक्षेत्रातील थकबाकीची साखळी, संरक्षणावरील मोठा खर्च व कर्जावरील व्याज यांनी अर्थसंकल्पाचा बराच भाग व्यापला जातो. मे २०२३ मध्ये तेथील महागाईचा दर सुमारे ३८ टक्क्यांवर पोहोचला होता. बांगलादेशही या संकटापासून अलिप्त राहिला नाही. २०२२ नंतर त्याची परकीय गंगाजळी घटली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याच्यासाठी नाणेनिधीने ४.७ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले.

== जीवनमान ==

=== आरोग्य ===

ढाका येथे १९६० साली स्थापन झालेल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत तोंडावाटे द्यावयाच्या क्षार-शर्करा द्रावणाच्या उपचारावर महत्त्वाचे संशोधन झाले. हा उपचार घरोघर पोहोचवण्याचे काम १९७२ साली फजले हसन आबेद यांनी स्थापन केलेल्या 'ब्रॅक' या संस्थेने १९८० च्या दशकात केले. संस्थेच्या कार्यकर्त्या खेडोपाडी फिरून चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी यांपासून द्रावण कसे करावे, हे आयांना शिकवत. नंतर वेगळे निरीक्षक काही घरांना भेट देऊन आईच्या लक्षात किती राहिले हे तपासत आणि त्यावर कार्यकर्तीचे मानधन ठरत असे. अशा रीतीने १ कोटीहून अधिक कुटुंबांपर्यंत हे ज्ञान पोहोचले.

कुटुंबनियोजनाची साधनेही स्त्री कार्यकर्त्यांनी दारोदार पोहोचवली. १९७० च्या सुमारास दोन्ही विभागांत प्रत्येक स्त्रीला सरासरी ६ हून अधिक मुले होत असत. बांगलादेशात हे प्रमाण पाकिस्तानपेक्षा कितीतरी वेगाने घटले. त्याचा परिणाम लोकसंख्येत स्पष्ट दिसतो. स्वातंत्र्याच्या वेळी बांगलादेशाची लोकसंख्या पाकिस्तानपेक्षा अधिक होती. आज ती सुमारे ७ कोटींनी कमी आहे.

पाकिस्ताननेही १९९४ साली स्त्री आरोग्यसेविकांचा कार्यक्रम सुरू केला व त्यात सुमारे १ लाख सेविका नेमल्या. परंतु दुर्गम प्रदेश व अशांतता यांमुळे त्याचा प्रभाव असमान राहिला. लसीकरण पथकांवर हल्ले झाले असून, पाकिस्तान व अफगाणिस्तान या दोनच देशांत पोलिओचा नैसर्गिक विषाणू अद्याप स्थानिक स्वरूपात टिकून आहे. बांगलादेशाचा समावेश असलेला जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला.

=== शिक्षण व स्त्रियांची स्थिती ===

बांगलादेशात १९९३ साली शाळेत येणाऱ्या गरीब मुलांच्या कुटुंबांना धान्य देणारी, तर १९९४ साली ग्रामीण मुलींना माध्यमिक शिक्षणासाठी विद्यावेतन देणारी योजना देशव्यापी स्वरूपात सुरू झाली. मुलीने अविवाहित राहणे ही विद्यावेतनाची एक अट होती. परिणामी माध्यमिक शाळांतील मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीस आली व पुढे गेली. पाकिस्तानात २०१० च्या १८ व्या घटनादुरुस्तीने ५ ते १६ वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. तथापि, सुमारे अडीच कोटी मुले शाळेबाहेर आहेत. रोजगारातील स्त्रियांचा सहभागही बांगलादेशात बराच अधिक आहे.

याच क्षेत्रात बांगलादेशाची सर्वांत ठळक उणीवही आढळते. विद्यावेतनाच्या अटीनंतरही बालविवाहाचे प्रमाण दक्षिण आशियात सर्वाधिक असून ते पाकिस्तानच्या जवळपास तिप्पट आहे. शिक्षण व रोजगार वाढला म्हणजे सामाजिक प्रथा आपोआप बदलतात, हे गृहीतक यामुळे टिकत नाही.

=== नैसर्गिक आपत्ती ===

भोला चक्रीवादळानंतर बांगलादेशात पूर्वसूचना देणाऱ्या स्वयंसेवकांचे जाळे व निवारे उभारण्यात आले. १९९१ च्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ३८ हजार, तर २००७ च्या 'सिडर' चक्रीवादळात सुमारे ३,४०० लोक मरण पावले. पाकिस्तानात २०२२ च्या महापुराने ३ कोटींहून अधिक लोक बाधित झाले व १,७०० हून अधिक मृत्यू झाले. बांगलादेशात भूजलातील आर्सेनिक आणि ढाका व लाहोर या शहरांतील हवेचे प्रदूषण या समस्या अद्याप गंभीर आहेत.

== तफावतीची कारणमीमांसा ==

अभ्यासकांनी या तफावतीची अनेक कारणे मांडली आहेत. बांगलादेशाची वस्ती दाट व सलग असल्याने एका कार्यकर्तीला थोड्या अंतरात अनेक घरे गाठता येतात. याउलट, पाकिस्तानच्या बलुचिस्तान प्रांताने देशाचे ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्र व्यापले असले तरी तेथे केवळ ६ टक्के लोक राहतात. बांगलादेशात भाषिक एकजिनसीपणा आहे, मोठी जमीनदारी तुलनेने दुर्बल आहे आणि स्वयंसेवी संस्थांना सरकारने मोकळीक दिली. पाकिस्तानचे भारताशी वैर, अफगाणिस्तानातील युद्धांत झालेला सहभाग आणि त्यातून वाढलेला लष्कराचा प्रभाव यांमुळे साधनसंपत्ती सामाजिक सेवांपासून दूर गेली.

केवळ राजकीय स्थैर्य वा लोकशाही हे कारण पुरेसे ठरत नाही. लष्करी राजवटी, राजकीय हत्या व वादग्रस्त निवडणुका बांगलादेशानेही अनुभवल्या आहेत. महत्त्वाची बाब अशी की, आरोग्य व जननदरातील सुधारणा बांगलादेशाचे उत्पन्न पाकिस्तानपेक्षा कमी असतानाच घडून आल्या. त्यामुळे उत्पन्नवाढ झाल्यावरच जीवनमान सुधारते, या समजुतीला हे उदाहरण छेद देते.

== तुलनेच्या मर्यादा ==

राष्ट्रीय सरासरीमुळे देशांतर्गत विषमता झाकली जाते. पाकिस्तानी पंजाब व बलुचिस्तान यांच्या स्थितीत मोठे अंतर आहे. डॉलरमधील दरडोई उत्पन्न विनिमय दरानुसार बदलते, त्यामुळे पाकिस्तानी रुपयाच्या घसरणीचा काही वाटा या अंतरात आहे. दोन्ही देशांच्या राष्ट्रीय दारिद्र्यरेषा भिन्न असल्याने गरिबीचे अधिकृत आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत.

आकडेवारीच्या विश्वासार्हतेचा प्रश्नही उपस्थित झाला आहे. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेने निर्यातीचे आधीचे आकडे मोठ्या प्रमाणात घटवले. ऑगस्ट २०२४ मध्ये विद्यार्थी आंदोलनामुळे शेख हसीना यांचे सरकार कोसळल्यानंतर नेमलेल्या श्वेतपत्रिका समितीने विकासदर फुगवून दाखवल्याचा व देशातून प्रचंड प्रमाणात पैसा बाहेर गेल्याचा निष्कर्ष काढला. सुशिक्षित तरुणांमधील बेरोजगारी हे त्या आंदोलनामागील एक प्रमुख कारण होते. उत्पन्नाच्या आकड्यांविषयी अशी शंका असली, तरी बालमृत्यू, जननदर व लसीकरण यांची माहिती स्वतंत्र घरगुती सर्वेक्षणांतूनही मिळत असल्याने त्या क्षेत्रांतील बांगलादेशाची प्रगती अधिक भक्कम पुराव्यावर आधारलेली आहे.

== हे सुद्धा पहा ==

* मानव विकास निर्देशांक
* बांगलादेश मुक्तियुद्ध
* बांगलादेशाची अर्थव्यवस्था
* पाकिस्तानची अर्थव्यवस्था
* महबूब उल हक