एक दिवा गेला, माळ विझली : नाताळच्या रोषणाईचा विद्युत-इतिहास

डिसेंबर उजाडला की बेंगळुरूच्या जुन्या छावणी भागात, म्हणजे फ्रेझर टाऊन, कुक टाऊन, कॉक्स टाऊन या वस्त्यांत, घरांचे दर्शनी भाग बदलू लागतात. पडवीच्या तुळईला कागदी चांदणी टांगली जाते आणि छज्जापासून फाटकापर्यंत दिव्यांच्या माळा ओढल्या जातात. त्याआधी एक ठरलेला विधी असतो. वर्षभर खोक्यात पडून राहिलेली माळ जमिनीवर पसरायची, गाठी सोडवायच्या आणि पिन सॉकेटमध्ये घालून पाहायची. पुष्कळदा माळ पेटत नाही. बिघडलेला दिवा बहुधा एकच असतो, तरी अंधार सगळ्या माळेवर पसरतो.

बेंगळुरूच्या बाजारात या माळेला ‘सीरियल सेट’ म्हणतात. बोलीत रुळलेल्या या शब्दात तिच्या जोडणीचे नाव दडलेले आहे. ही माळ म्हणजे शालेय पाठ्यपुस्तकातील ‘एकसर जोडणी’. सगळे दिवे एकाच मार्गावर, एकामागून एक. एका जागी मार्ग तुटला की धारा सर्वत्र थांबते. त्याच पडवीत टांगलेल्या चांदणीतील दिवा मात्र घरातील इतर दिव्यांप्रमाणे समांतर जोडणीवर असतो. त्याला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि शेजारची माळ विझली तरी तो जळत राहतो. घरातील सर्व दिवे समांतर असताना माळच एकसर का झाली, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सुमारे १४० वर्षे मागे जावे लागते.

२२ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरातील नाताळवृक्षावर विजेचे ८० दिवे लावले. लाल, पांढरे आणि निळे असे ते दिवे हाताने तारा जोडून बसवले होते आणि वृक्ष सावकाश फिरत होता. जॉन्सन हे एडिसन यांच्या विद्युत कंपनीचे एक प्रमुख अधिकारी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला एडिसन यांचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झाले होते. तोवर झाडावर मेणबत्त्या लावण्याची रीत होती आणि सुकलेल्या फांद्यांजवळच्या उघड्या ज्योतींमुळे आगी लागत. विजेच्या दिव्याने ती भीती कमी केली. पण अशी सजावट करण्यासाठी जाणकार तंत्रज्ञ आणि भरपूर पैसा लागे. सामान्य घरांसाठी ती नव्हती.

मुंबईलाही विजेच्या दिव्याचे पहिले दर्शन १८८२ मध्येच, क्रॉफर्ड मार्केटात घडले. पुढच्या वर्षी महापालिकेने बाजार आणि काही रस्ते उजळण्यासाठी एका कंपनीशी करार केला. परंतु ती कंपनी लवकरच बुडाली आणि बाजार पुन्हा वायूच्या दिव्यांकडे वळला. दिवा तयार होता, पण त्यामागे उभी राहणारी भरवशाची वीजव्यवस्था अजून तयार नव्हती.

दक्षिणेत ती व्यवस्था उभी राहिली ती सोन्याच्या खाणींसाठी. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्र जून १९०२ मध्ये सुरू झाले. म्हैसूर संस्थानाचे दिवाण के. शेषाद्री अय्यर यांनी ही योजना पुढे रेटली होती, तर रॉयल इंजिनिअर्सचे अधिकारी जोली दे लोबिनिएर यांनी तिची आखणी केली. केंद्रापासून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंतची सुमारे १४७ किलोमीटरची वाहिनी त्या काळी जगातील सर्वांत लांब वीजवाहिन्यांमध्ये गणली जाई. त्याच विजेवर ऑगस्ट १९०५ मध्ये बेंगळुरूच्या जुन्या बाजारपेठेत रस्त्यावरचे विजेचे दिवे लागले. या दिव्यांना ‘आशियातील पहिले’ म्हणण्याची प्रथा आहे. ते विशेषण जपून वापरायला हवे. दार्जिलिंगजवळचे सिद्रापोंग जलविद्युत केंद्र १८९७ चे आहे आणि कोलकात्याला १८९९ मध्ये वीज मिळाली होती. तरीही दूरच्या धबधब्यावर वीज निर्माण करून ती शहरापर्यंत आणण्याचे काम म्हैसूर संस्थानाने फार लवकर केले, हे खरे. महाराष्ट्रात टाटांचे खोपोली केंद्र सुरू झाले ते १९१५ मध्ये.

या वाहिन्यांमधून घराघरांत पोहोचलेल्या विजेने सजावटीपुढे एक अडचण उभी केली. घरातील विभवांतर मोठे आणि सजावटीचा दिवा इवलासा. जास्त विभवांतराच्या दिव्याचे कुंतल लांब आणि अतिशय बारीक असावे लागते. बोराएवढ्या काचेत २३० व्होल्ट सहन करणारे कुंतल स्वस्तात आणि टिकाऊपणे बसवणे अवघड. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत तयार माळा विकल्या जाऊ लागल्या तेव्हा उत्पादकांनी यावर सोपा तोडगा काढला. सुमारे १५ व्होल्टचे आठ दिवे एकसर जोडले की घरातील ११० ते १२० व्होल्ट त्यांच्यात आपोआप वाटले जातात. रोहित्राची गरज नाही, तारही कमी लागते. भारतात विभवांतर जवळजवळ दुप्पट असल्याने दिव्यांची संख्या वाढवावी लागते. ६ व्होल्टचे ४० दिवे एकसर जोडले तर प्रत्येकाच्या वाट्याला २३० ÷ ४० = ५.७५ व्होल्ट येतात. स्वस्ताईची आणि एका दिव्यासरशी सगळी माळ विझण्याची मुळे अशी एकाच हिशेबात आहेत.

घराबाहेरच्या सजावटीसाठी अमेरिकी उत्पादकांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेगळा मार्ग धरला. मोठ्या बैठकीचे, समांतर जोडलेले, पूर्ण विभवांतरावर चालणारे दिवे त्यांनी बाजारात आणले. एक गेला तरी बाकीचे जळत. मात्र ते वीज जास्त खात आणि महागही पडत. म्हैसूरचा राजवाडा दसऱ्याला सुमारे लाखभर दिव्यांनी रेखला जातो, त्या दृश्यामागे संस्थानी खजिन्याचे बळ होते. सामान्य घराच्या वाट्याला एकसर माळच आली, आणि तिच्याबरोबर दुरुस्तीची विद्याही.

या माळेचा दोष झाकण्यासाठी योजलेली युक्ती रस्त्यावरच्या दिव्यांकडून आली. विसाव्या शतकाच्या आरंभी काही देशांत रस्त्यांवरचे दिवे एकसर जोडलेले असत. तेथे प्रत्येक दिव्याच्या धारकात दोन पट्ट्यांमध्ये विद्युतरोधक पदार्थाची पातळ चकती ठेवत. दिवा गेला की सगळे विभवांतर त्या एका खंडावर एकवटे, चकती भेदली जाई आणि धारेला पर्यायी वाट मिळे. पुढे लहान माळांच्या दिव्यांतही हेच तत्त्व आले. कुंतलाच्या खाली, आधाराच्या दोन तारांभोवती ऑक्साइडचा पातळ थर असलेली एक बारीक तार गुंडाळलेली असते. दिवा धड असताना तिच्या दोन टोकांत जेमतेम सहा व्होल्टचा फरक असतो आणि तो थर धारा अडवून धरतो. कुंतल तुटताच घरातील सगळे विभवांतर तेथे प्रकट होते, थर फुटतो आणि माळ पुन्हा उजळते. फक्त तो एक दिवा काळा राहतो.

या सोयीची किंमत उरलेल्या दिव्यांना मोजावी लागते. चाळीसपैकी पाच दिवे असे मेले तर २३० व्होल्ट पस्तिसांत वाटले जातात आणि प्रत्येकाला सुमारे ६.६ व्होल्ट सोसावे लागतात. कुंतलाच्या दिव्याचे विभवांतर ५ टक्क्यांनी वाढले की त्याचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते. येथे तर वाढ १४ टक्क्यांची असते. उरलेले दिवे अधिक प्रखर जळतात, अधिक लवकर मरतात आणि मागे राहिलेल्यांवरचा भार आणखी वाढवतात. माळ यंदा जास्तच छान उजळली म्हणून घर आनंदते, तेव्हा बहुधा तिचा शेवट जवळ आलेला असतो. बिघडलेला दिवा काढून तारेची टोके नुसती पिळून जोडण्याची घरगुती रीतही याच कारणाने घातक आहे. प्रत्येक वगळलेला दिवा उरलेल्यांचे आयुष्य तोडत जातो.

पूर्ण विझलेल्या माळेत दोष शोधण्याच्या दोन रीती आहेत. पहिली, एक धड दिवा हाती घेऊन तो प्रत्येक जागी लावून पाहणे. चाळीस दिव्यांच्या माळेत यासाठी चाळीस प्रयत्न लागू शकतात, आणि दोन दिवे एकाच वेळी गेले असतील तर चाळीसही व्यर्थ जातात. दुसरी रीत मल्टिमीटरची. पिन सॉकेटमधून काढायची, मधला दिवा उपसायचा आणि पिनेच्या एका टोकापासून त्या धारकापर्यंत मार्ग अखंड आहे का, ते पाहायचे. अखंड असेल तर दोष उरलेल्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. दोष एकच असेल तर चाळीस दिव्यांना अशी सहा मापने पुरतात, कारण दोनाचा सहावा घात ६४ होतो. संगणकशास्त्राचे विद्यार्थी ज्याला द्विभाजन शोध म्हणतात, तोच हा. या कामाला लागणारी सामग्री, म्हणजे मल्टिमीटर, सुटे दिवे, धारक आणि तारा, बेंगळुरूत सदर पत्रप्पा रस्त्यावर मिळते. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची ही प्रसिद्ध पेठ शहरात १९०५ चे दिवे लागले त्या बाजारपेठेपासून फार दूर नाही.

दुरुस्ती करताना सर्वांत मोठी चूक होते ती अंधारामुळे. माळ विझली म्हणजे तीत वीज नाही, असे मन मानते. प्रत्यक्षात तुटलेल्या जागेपर्यंतचा फेजकडचा सारा भाग २३० व्होल्टवरच असतो. धारा वाहत नसल्याने दिव्यांत विभवांतर खर्च होत नाही, म्हणून तुटलेल्या टोकाशी घरातील पूर्ण विभवांतर हजर असते. शिडीवर उभे राहून एका हाताने लोखंडी गज धरलेल्या आणि दुसऱ्या हाताने रिकाम्या धारकात बोट घालणाऱ्या माणसाच्या शरीरातून तो तुटलेला मार्ग पूर्ण होऊ शकतो. बटण बंद करणेही पुरेसे नसते. ते चुकून न्यूट्रलवर बसवलेले असले तर माळ बंद असूनही जिवंत राहते. पिन सॉकेटबाहेर काढणे हाच खरा उपाय. घराबाहेर ओली भिंत, दव आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांचा एखादा उशिराचा पाऊस हा धोका वाढवतात. अशा जोडणीमागे ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच असावा. वितळतार तारांना आगीपासून वाचवते. माणसाला वाचवण्याइतक्या लहान धारेवर ती वितळतच नाही.

एलईडीने या इतिहासाला नवे वळण दिले. निक होलोन्याक यांनी दृश्य लाल प्रकाश देणारा डायोड १९६२ मध्ये दाखवला. तेजस्वी निळ्या प्रकाशासाठी आणखी तीन दशके जावी लागली आणि त्या कामासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लाल डायोडला सुमारे २ व्होल्ट, निळ्या-पांढऱ्याला सुमारे ३ व्होल्ट पुरतात. कुंतलाची चाळीस दिव्यांची माळ सुमारे २० वॉट घेई. तेवढाच एलईडीचा सर एका चतुर्थांशात भागतो. जोडणी मात्र पुन्हा एकसरच आहे आणि स्वस्त माळ अजूनही थेट २३० व्होल्टवरच चालते. थंड प्रकाश म्हणजे निर्धोक माळ, हा समज त्यामुळे खोटा ठरतो. कमी व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारी माळ घराबाहेर अधिक सुरक्षित असते.

बिघाडाचे स्वरूपही बदलले आहे. डायोड स्वतः वर्षानुवर्षे टिकतो. गंजतात ते त्याचे पाय. दमट हवेत दिष्ट धारा वाहताना धन टोकाकडील धातू विद्युत-अपघटनाने झिजत जातो आणि अखेर तुटतो. पूर्वी दिवा उपसून बदलता येई. आता बहुतेक माळांत डायोड तारेतच पक्के बसवलेले आणि प्लास्टिकने बंद केलेले असतात. पाण्यापासून बचाव करणारे तेच आवरण दुरुस्ती करणाऱ्या हातालाही दूर ठेवते. एक पाय गंजला की उरलेले धडधाकट डायोड माळेसह कचऱ्यात जातात.

एकसर माळेने जवळजवळ शतकभर घरोघरी एक छोटी प्रयोगशाळा चालवली. ओहमचा नियम, विभवांतराची वाटणी आणि दोष शोधण्याची शिस्त हे सारे अनेकांनी परीक्षेसाठी नव्हे, तर सणाच्या आदल्या संध्याकाळी जमिनीवर बसून शिकले. माळ खरेदी करताना तिचे दिवे बदलता येतात का, अडॅप्टर वेगळा आहे का आणि सुटे दिवे सोबत मिळतात का, हे तीन प्रश्न विचारले तर ती प्रयोगशाळा आजही सुरू राहू शकते. जुनी माळ पुन्हा पेटवणाऱ्याने मात्र मल्टिमीटर हाती घेण्याआधी पिन बाहेर काढलेली आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

#विज्ञानाचा_इतिहास #वीज #नाताळ #बेंगळुरू